आधी खटका, मग फोटो

धुकं एवढं दाट उतरलं होतं, की समोरच्या सलूनची पाटी पार पुसल्यासारखी झाली होती. आतला दिवा तेवढा पिवळट दिसत होता. मावशींना असली सकाळ आवडायची. ऊन असलं की त्याला अडवायला पडदे लावा, कागद लावा, माणसाला चार वेळा इकडून तिकडे हलवा. धुक्यात उजेड आपोआप सगळीकडून सारखा येतो, आणि रुसलेल्या माणसाचा चेहराही बरा दिसतो. स्टुडिओचं दार उघडं टाकून त्या टेबलावर पाठीमागचा पांढरा पडदा इस्त्री करत होत्या. डाव्या हाताने. डाव्या हाताची इस्त्री कधी सरळ जाईल म्हणाल, तर नाव नको. एक सुरकुती मोडली की शेजारी दुसरी उठत होती.

उजवा खांदा धरला होता. इतकी वर्षं थोराड कॅमेरा आणि हातभर लांबीच्या लेन्सा गळ्यात वागवल्या, त्याचं ते फळ होतं. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं, तेव्हा तो कानापर्यंतही गेला नाही. "वजन बंद," डॉक्टर म्हणाले. मावशी म्हणाल्या, "माझं की कॅमेऱ्याचं?" डॉक्टर हसले, पण औषधाच्या चिठ्ठीवर 'वजन बंद' लिहून त्याखाली दोन रेघा ओढायला विसरले नाहीत.

ही बातमी घरात पसरायला वेळ लागला नाही. मावशींच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, भाच्याला मोबाइलची कव्हरं विकायला जागा हवीच होती. मामीचा खांदा गेला म्हटल्यावर त्याला मामीची फार कणव आली. "मामी, तुम्ही आता आराम करा, स्टुडिओची जागा मी बघतो," असं तो येता-जाता म्हणायला लागला.  मग काकाही हळूच म्हणाले, "अगं, झालं की खूप. बसून खा थोडं." शेवटी मावशींनी सांगून टाकलं, "लॉन्ड्रीतल्या फोटोंचं दर वर्षीचं काम मी घेतलेलं आहे. ते होऊ दे. त्या संध्याकाळी तुमच्या भाच्याला काय ते हो-नाही सांगते."

ते काम आज होतं.

मावशींना सगळे 'खटका मावशी' म्हणायचे. त्यांच्या कॅमेऱ्यात आतला आरसा उडायचा, तेव्हा 'खटाक' असा आवाज यायचा, की झोपलेलं मूल दचकावं. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा तो. आवाज आला की माणसं म्हणायची, "हं, मावशींनी काढला." मुलं तर त्यांना रस्त्यात बघून तोंडानेच 'खटाक' करत पळायची.

इस्त्री अर्ध्यावर आली असताना दारात स्क्रू उभा राहिला. हा कॅमेरे दुरुस्त करायचा आणि नवेही विकायचा. कायम ओठांत एखादा बारीक स्क्रू धरलेला, म्हणून हे नाव. बोलायला लागला की तो स्क्रू जिभेने गालात सारायचा.

"मावशी, आणला," त्याने खिशातून एक काळी डबी काढून टेबलावर ठेवली. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी जाड.

"हा?"

"हा."

"खिशातून काढलास?"

"हीच तर गंमत आहे. वरच्या दर्जाचा कॉम्पॅक्ट म्हणतात याला. आत सेन्सर तुमच्या थोराड कॅमेऱ्यात आहे तेवढाच. फुल फ्रेम. तसूभर कमी नाही."

"आणि लेन्स?"

"एकच. अंगालाच चिकटलेली. निघत नाही, बदलत नाही."

"झूम?"

"झूम म्हणजे तुमचे पाय."

"पाय धड आहेत माझे," मावशी म्हणाल्या. "खांदा गेलाय." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि कॅमेरा उचलला. उजव्या हाताने. कोपर पोटाशीच राहिलं, पण कॅमेरा छातीपर्यंत आला आणि मान थोडी खाली घातल्यावर डोळ्यालाही लागला. खांद्याने अवाक्षर काढलं नाही. कितीतरी महिन्यांत असं झालं नव्हतं, पण मावशींनी चेहरा मख्ख ठेवला. विकणाऱ्यासमोर आनंद दाखवायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

काका कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी किंमत विचारली. स्क्रूने सांगितली. काकांनी कप बशीत ठेवला. "एवढ्यात चांगली दुचाकी येते."

"दुचाकीवर बसून फोटो निघतो का?" मावशींनी विचारलं आणि काकांना वगळून स्क्रूकडे वळल्या. "फोटो दिसतो तो मागचा पडदा वर उचलत नाही याचा. मला खालून फोटो काढायचा झाला तर मी जमिनीवर लोळायचं का?"

"नाही उचलत," स्क्रू कबूल झाला. "आणि अजून एक. बॅटरी बारकी आहे. मागच्या पडद्यावर सारखं काढलेलं बघत बसाल, तर दुपारनंतर गळा काढेल."

"मी कधी मागे वळून बघते? कोंबडी अंडं घालून पुढे जाते, तपासत बसत नाही."

"बघा मग. संध्याकाळपर्यंत ठेवा. दुसऱ्या एकाने मागितलाय, त्याला रात्री दाखवायचाय. पसंत पडला तर तो गेला उडत."

स्क्रू गेल्यावर मावशींनी थोराड कॅमेऱ्यातलं कार्ड काढून या डबीत घातलं. वेगवान कार्ड त्यांच्याकडे ते एकच होतं. मग टेबलावरच्या पांढऱ्या पडद्याचाच फोटो काढून कॉम्प्युटरवर मोठा केला. अजून मोठा केला. कापडातला उभा-आडवा धागा वेगळा दिसायला लागला. डाव्या हाताच्या इस्त्रीची लाजही धाग्याधाग्याने दिसली. "चोख आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. लायसन्स नवं करायला निघालेले एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर. मावशींना ठाऊक होतं, असल्या रुंद लेन्सने तोंडाजवळ जाऊन काढलं तर नाकाचा बटाटा होतो. म्हणून त्या भिंतीला पाठ लावून लांबच उभ्या राहिल्या. सेन्सर एवढा मोठा आहे, तर भोवतालचं नंतर कापून टाकलं तरी चेहरा शाबूत राहील, हा त्यांचा हिशेब.

"मावशी, कॅमेरा आणा की," ड्रायव्हर म्हणाले.

"हा काय हातात."

"हा? माझ्या नातीचं खेळणं याच्यापेक्षा मोठं आहे."

"तुमची नात लायसन्सचे फोटो काढते का? मग सरळ बसा."

ते सरळ बसले. छाती पुढे, हनुवटी वर, डोळे ताणलेले. मावशींनी बटण दाबलं, परत दाबलं. "झालं, उठा." ड्रायव्हर बसूनच होते. "झालं? कधी?" "आत्ता." ते पुटपुटत उठले, जणू कोणी हातोहात फसवलंय. लायसन्सच्या फोटोत माणसाने भेदरलेलंच दिसायचं असतं, म्हणून मावशींनी त्यात फार डोकं घातलं नाही. तिथेच त्यांचं चुकलं, पण ते कळायला दुपार उजाडावी लागली.

लॉन्ड्री म्हणजे काही कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या आणि घड्या होऊन परत जायच्या. एका दालनात धुवायची मशिनं गुरगुरत असायची, दुसऱ्यात लांबलचक तापलेले रोलर. चादर एका बाजूने ओली आत जायची, पलीकडून कडक बाहेर यायची. दर वर्षी प्रत्येक कामगाराचा त्याच्या कामाच्या जागेवर एक फोटो निघायचा आणि तो फ्रेम करून जेवणाच्या खोलीत लागायचा. माणसं निवृत्त व्हायची तेव्हा आपापली फ्रेम घरी न्यायची. त्या खोलीतल्या साऱ्या भिंती मावशींच्याच हातच्या होत्या.

काका कॅमेऱ्याची तिपाई घेऊन बरोबर आले होते. खांद्याला मावशींची जुनी बॅगही होती, थोराड कॅमेऱ्यासकट.

"हे कशाला उचलून आणलंत?"

"असू दे. तुझ्या त्या काडेपेटीचा काय भरवसा?"

"उचला मग. तुमचा खांदा, तुमची हौस."

आत शिरल्यावर मात्र मावशींना पंख फुटले. दर वर्षी त्या दाराजवळ उभ्या राहून लांब लेन्सने काढायच्या; दोन रोलरमधल्या चिंचोळ्या वाटेत ती लेन्स घेऊन वळताच यायचं नाही. आज त्या सरळ आत घुसल्या. वाफेत, चादरींच्या मधून, गाड्यांच्या आडून. ज्या कोपऱ्यात कधी पाय ठेवला नव्हता, तिथून त्यांना हात दिसले, मनगटावरचे चटके दिसले, वरच्या झरोक्यातून वाफेत उतरलेला उजेड दिसला. त्या दाबत सुटल्या. मशिनांचा आवाज एवढा, की बोलायचं तर कानाशी ओरडायचं. बॅटरी पुरवायची म्हणून मागचा पडदा त्यांनी बंदच ठेवला होता.

रोलरवरची ताई त्यांच्या ओळखीची होती, जिभेने तिखट, हाताने चपळ. ती चादर धरून उभी राहिली. मावशींनी दाबलं. परत दाबलं. ताई हलेना. गाल फुगलेले, डोळे मोठे. शेवटी चादरीसकट तिने हात हलवले आणि भस्सकन श्वास सोडला.

"मावशी, काढा की आता! किती वेळ श्वास धरायचा? मेल्यावर काढणार का?"

"अगं, काढला की! दोन काढले."

"कधी? खटका कुठे वाजला?"

शेजारची दुसरी ओरडली, "माझा पण नाही वाजला! मी अजून थांबलेय!"

रोलरच्या पलीकडून एक दाढीवाला म्हणाला, "मी तर मघाशी थांबून थांबून निघून गेलो. म्हटलं मावशींचं काहीतरी बिघडलंय."

सगळे हसले. मावशींनी मात्र काम थांबवलं. त्यांनी पडदा चालू केला आणि मागे बघायला लागल्या. पहिला फोटो, दुसरा, पुढचा, त्याच्या पुढचा. उजेड असा, की जीव ओवाळून टाकावा. आणि त्या उजेडात एकामागून एक माणसं, पाण्यातून नुकत्याच काढलेल्या माशांसारखी. छाती फुगलेली, ओठ घट्ट, डोळे वटारलेले. कोणी वाफेला घाबरलंय, कोणी पोलिसाला सापडलंय.

मावशी चादरींच्या गाडीच्या कडेवर टेकल्या.

त्यांची कामाची रीत काय होती, ते कोणाला ठाऊक नव्हतं, काकांनाही नाही. पहिला फोटो त्या कधीच ठेवत नसत. पहिला खटका माणसांसाठी. 'खटाक' झालं की माणसाला वाटतं, सुटलो. खांदे उतरतात, ओठांची घडी मोडते, डोळ्यांत तो माणूस स्वतः परत येतो. त्या क्षणाला मावशी दुसरा काढत. तो खरा. इतक्या वर्षांत सगळी वस्ती त्या आवाजावर श्वास धरायला आणि सोडायला शिकली होती. आणि ही नवी डबी मुकी. हिच्या लेन्सच्या पोटात पाकळ्यांचं झाकण, ते नुसतं पापणी लवल्यासारखं मिटतं. पहिला निघाला तो कोणाला कळला नाही, मग सुटका कसली आणि दुसरा तरी कसला.

काका जवळ आले. त्यांनी पडद्यावरचे फोटो बघितले. मग म्हणाले, "घरी जाऊ या का?"

त्या प्रश्नात भाच्याची कव्हरं लटकवलेली स्टुडिओची भिंत मावशींना स्पष्ट दिसली.

"कशाला? आंघोळ राहिलीय का तुमची?" त्या उठल्या. कॅमेऱ्याच्या मेनूत शोधून त्यांनी कृत्रिम आवाज चालू केला. चिमणीने शिंकावं तसा एक आवाज आला आणि रोलरच्या घरघरीत कुठच्या कुठे गेला. ताईने कानाला हात लावून मान हलवली. मावशींनी तोंडाने 'झालं!' म्हणून बघितलं. लोक म्हणाले, "काय झालं?"

मावशींची नजर बॅगेवर गेली.

"अहो, तिपाई लावा. इथे, रोलरच्या तोंडाशी. आणि थोराडाला चढवा तिच्यावर."

"तू उचलणार आहेस? डॉक्टर काय म्हणाले—"

"मी नाही. तुम्ही. आज तुम्ही फोटोग्राफर. त्यातून बघायचं, माणूस नीट उभा राहिला की बटण दाबायचं. एकदाच. आणि चेहरा जरा करारी ठेवा, लग्नात होता तसा भेदरलेला नको."

काकांनी थोराडाला तिपाईवर बसवलं. कॉलर सारखी केली, एक डोळा मिटला आणि वाकले. रोलरची ताई चादर घेऊन उभी राहिली, काकांकडे बघत. गाल फुगले. मावशी तिच्या बाजूला, दोन पावलांवर, छातीशी ती काळी डबी धरून, जणू कोणाची तरी वाट बघत उभ्या आहेत अशा.

खटाक!

घरघरीवरूनही तो आवाज सगळ्या दालनात गेला. "हां, आत्ता काढला!" ताई म्हणाली, तिचे खांदे उतरले आणि ती शेजारणीकडे बघून अशी काही हसली, की चादरीचं एक टोक हातातून सुटलं. मावशींचं बोट तेवढ्यात दोनदा हललं होतं. कोणाला कळलं नाही.

मग सगळे परत उभे राहिले. काका प्रत्येकाला सूचना द्यायला लागले. "हनुवटी खाली. थोडं डावीकडे. तुम्ही नाही, तुम्ही. वा!" खटाक. मावशी आजूबाजूला घुटमळत होत्या; कधी गाडीमागे, कधी अगदी हाताच्या अंतरावर. लांब लेन्सला जे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, ते इथून दिसत होतं. दाढीवाल्याने खटक्यानंतर दाढीवरून हात फिरवला, तो आला. सुपरवायझर बाईंनी खटक्यानंतर चप्पल काढून पाय पायावर घासला, तोही आला. "मावशी, आज तुम्ही नुसत्या फिरताय?" कोणीतरी विचारलं. "माझा खांदा दुखतो ना बाबा," मावशी म्हणाल्या. "यांना शिकवतेय."

काम संपलं तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता आणि चालण्यात ऐट. बाहेर धुकं कधीच विरलं होतं. फाटकापाशी त्यांना राहवलं नाही.

"माझे कसे आले असतील गं?"

"कुठले तुमचे?"

"म्हणजे काय? एवढे काढले. त्या दाढीवाल्याचा तर असा साधलाय मी!"

मावशींनी तोंडावर पदर धरला. "अहो, त्यात कार्डच नाही. सकाळीच काढून यात घातलं मी."

काका वाटेतच थांबले. खांद्यावरची बॅग त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "म्हणजे मी इतका वेळ रिकामी बंदूक झाडत होतो?"

"आवाज काय फक्कड केलात पण."

काका आधी चिडायच्या बेतात होते, पण ते त्यांना साधलं नाही. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मावशींना त्यांच्या पाठीवर चापट्या माराव्या लागल्या. डाव्या हाताने.

स्टुडिओत स्क्रू आधीच येऊन बसला होता. मावशींनी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. रोलरची ताई हसत होती, सुटलेलं टोक हवेत, तिच्या मनगटावरचा जुना चटका आणि चादरीची वीण एकाच उजेडात. स्क्रूने ओठांतला स्क्रू काढून हातात घेतला. तसं तो कधी करत नसे.

"मग?" त्याने विचारलं.

"मागचा पडदा उचलत नाही, ही खोड आहेच," मावशी म्हणाल्या. "बॅटरी दळिद्री आहे. लांबचं काही येत नाही, म्हणजे स्टेजवरचे कार्यक्रम मी सोडले. माणसं याला कॅमेरा मानत नाहीत. आणि मुका आहे तो आहेच."

"मग परत नेऊ?"

मावशींनी कपाट उघडलं. दोन्ही लांब लेन्सा काढून टेबलावर ठेवल्या, मऊ कापडात गुंडाळलेल्या. "या घे बदल्यात. वरचे पैसे कसे द्यायचे ते उद्या बोलू. आणि एक जास्तीची बॅटरी फुकट. मान हलवू नकोस, फुकट म्हणजे फुकट."

"आणि तो थोराड? तोही द्या, चांगली किंमत लावतो."

मावशी काही म्हणायच्या आधी काकाच बोलले, "त्याला हात लावायचा नाही. तो माझा आहे."

स्क्रूने दोघांकडे बघितलं, त्याला काही उमगलं नाही. तो लेन्सा घेऊन गेला. काळी डबी टेबलावरच राहिली.

काकांनी फोन काढला आणि दारात जाऊन उभे राहिले. "हां, मामा बोलतोय. नाही रे, जागेचं जमणार नाही. नाही, मामी ठीक आहे. अरे, बसून कसली खाते ती? आणि आता मलाच काम लागलंय. तुला नाही कळायचं, आवाजाचं काम आहे." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. काका नुसतं "हं, हं" म्हणत राहिले.

मावशींनी इस्त्रीची पिन लावली. सकाळचा पडदा टेबलावर अर्धा तसाच पडला होता. त्यांनी पाण्याचे चार शिंतोडे मारले आणि बोटाने इस्त्री तापली का ते बघितलं.

"अहो, झालं का बोलून? या, हे टोक ताणून धरा. उद्या सकाळी त्या ड्रायव्हरना परत बोलवायचंय, त्यांचा फोटो परत काढायचाय."

काका फोन कानाशी धरूनच आले आणि एका हाताने टोक धरलं.

"दोन्ही हातांनी," मावशी म्हणाल्या.